दादा, तो काळ्या पाठीचाच होता

दादा,

तुझ्या घरी बसायला आलेल्या बायकांपैकी एकीनं मला विचारलं, "कशाला नेलंस गो त्याला बांधावर? माणसाला धड दिसत नाय, माहीत होतं ना तुला?"

मी म्हणाले, "त्याला जायचं होतं म्हणून नेलं. परत म्हणाला असता तर परत नेलं असतं."

सगळ्यांच्या हातातले कप तसेच राहिले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली नाही. मी माझा कप विसळून पालथा घातला, चपला सरकवल्या आणि पेणची गाडी धरली. गाडीत रडले, ते खरं. पण ते त्या बायकांना दाखवायला नव्हतं.

त्यांना माझ्या तोंडून काय ऐकायचंय ते मला कळतं. चुकलं गो माझं, मी अडाणी, मला कळलं नाय. असं म्हटलं की सगळे मोकळे. मग मला पाणी देतील, पाठीवरून हात फिरवतील. मी तसं म्हणणार नाही. तू असतास तर तूही म्हणू दिलं नसतंस. पण तुझ्याशीही माझं भांडण आहेच, ते या निमित्तानं संपलं असं समजू नकोस.

आपण लहान असताना खाडीवरचा प्रत्येक पांढरा पक्षी आपल्यासाठी कुरव होता. बांधाला खांड पडली की बाबा गावातल्या माणसांबरोबर चिखल टाकायला जायचे आणि आपण दोघं भाकरी घेऊन मागून. कुरव दिसले की तू ढेकूळ मारायचास आणि मी तुला मारायचे. पक्ष्यांचा आपला अभ्यास एवढाच. मग तू रोह्याला कंपनीत लागलास, मी लग्न करून हमरापूरला आले. तुझं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं, माझं गणपतीचे डोळे आखण्यात. खाडी दोघांच्याही जवळच होती, पण बघायला कोण जातंय?

तू रिटायर झालास तेव्हा शेजारच्या रफीकभाईंनी तुला त्यांची दुर्बीण दिली. ते मस्कतच्या बंदरातली नोकरी सोडून नुकतेच परत आले होते. "घरात बसून बायकोशी भांडू नको, बाहेर काहीतरी बघ," म्हणाले. पुढच्या रविवारी तू एसटीनं पेणच्या रामवाडीला उतरलास, तिथून रिक्षानं थेट माझ्या कारखान्याच्या दारात. गळ्यात दुर्बीण, हातात वहिनीनं दिलेला डबा.

"चल गो कुंदे, बांधावर."

"माझ्या हातात ब्रश हाय, दिसत नाय?"

"गणपती कुठं पळून जातोय? चल."

सुकती लागली होती, खाडी ओसरत होती. उघाडीच्या झडपांतून शेतातलं पाणी खाडीत सुटत होतं आणि त्याच्या तोंडाशी छोट्या कुरवांची झुंबड. लाल चोची, लाल पाय, शाळा सुटल्यासारखा गलका. त्यांच्यापासून जरा बाजूला, चिखलाच्या उंचवट्यावर, एकटाच एक उभा होता. घारीपेक्षा भरदार. छोटे कुरव त्याच्यापुढं पिल्लांसारखे दिसत होते.

"हा कोण गो दांडगा?" तू दुर्बीण डोळ्याला लावून म्हणालास.

मी तुझ्या हातातून दुर्बीण ओढली. जाड पिवळी चोच, टोकाजवळ आडवा काळा पट्टा, त्याच्यापुढं लालसर टोक. डोकं पांढरं, पण डोळ्यामागं मळकट डाग, काजळ पुसताना गालावर पसरावं तसा. वाऱ्याकडे तोंड करून उभा. छोट्यांपैकी एकानं मासा उचलला तसा हा जड पंख मारत उठला, त्याच्या अंगावर गेला, त्यानं टाकलेला मासा चोचीत धरला आणि परत येऊन होता तिथंच उभा राहिला. घाई नाही, गडबड नाही. आपलंच होतं, आपल्याकडे आलं, अशा थाटात.

"साहेब हाय," तू म्हणालास. "आमच्या कंपनीत असाच एक होता."

तेव्हापासून आपले रविवार ठरले. माझ्या सुनेच्या फोनवर चित्रं बघून आपण त्याचं नाव शोधलं. कुठल्याशा परदेशी पंडिताच्या नावावरून ते ठेवलेलं. तुला राग आला. "त्यानं काय अंडी उबवली होती ह्याची? आपण मोठा म्हणायचं." म्हणून आपल्यात तो मोठाच राहिला. दिवाळीनंतर यायचा, शिमग्याच्या आसपास जायचा. रफीकभाईंनी सांगितलं की मस्कतलाही थंडीत हे असेच येतात, मासळीच्या धक्क्यावर उभे राहतात आणि कोणाला भीत नाहीत.

पहिल्याच वर्षी आपलं जुंपलं. माघ संपता संपता पांढऱ्या डोक्याचा दिसेना आणि त्याच जागी काळ्याकुट्ट डोक्याचा एक येऊन उभा राहिला.

"पहिला गेला, हा दुसरा आला," तू म्हणालास.

"दुसरा नाय, तोच हाय."

"डोकं बघ त्याचं! डांबरात बुडवलंय जसं."

"डोळा बघ," मी म्हणाले. "डोळ्याच्या वर एक पांढरी कोर, खाली एक पांढरी कोर. पहिल्याला पण होती, पांढऱ्यावर पांढरी म्हणून कळत नव्हती. आखणी तीच हाय दादा, रंग बदललाय."

"पक्षी काय गणपती हाय, दरवर्षी नवा रंग लावायला?"

वर्षभर तू ऐकलं नाहीस. माझ्या घरी जेवायला आलास तरी मधेच म्हणायचास, दोन वेगळेच होते ते. पुढच्या थंडीत तुला तो मधल्या दिवसांत सापडला. डोक्यावर काळे पांढरे ठिपके मिसळलेले, सालाच्या उडदाच्या डाळीसारखे. तू खूप वेळ बघत राहिलास. एसटीत चढल्यावर खिडकीतून तोंड बाहेर काढलंस आणि म्हणालास, "बरं, तुझं खरं." गाडी सुटली म्हणून वाचलास, नाहीतर मी तुला ते सगळ्या स्टँडसमोर परत म्हणायला लावलं असतं.

मग साखरेनं तुझे डोळे खाल्ले. मधोमध धूसर, कडेनं तेवढं दिसायचं. माझं तोंड बघायचं तर तू माझ्या कानाकडे बघायचास. दुर्बीण गळ्यात असायची, पण डोळ्याला लावणं तू सोडून दिलंस. घरात निशांत म्हणायला लागला, "बाबा, आता खाडीचं बस झालं." निशांत वाईट पोरगा नाही. बापाची काळजी करणारा मुलगा जे म्हणेल तेच तो म्हणाला. तू त्याला म्हणालास, "डोळे गेले, पाय हायत."

मला वाटलं होतं, दोन रविवारांत कंटाळशील. उलट झालं. मी खुणा बघायचे, तू चाल बघायला लागलास. धूसर पांढरा ठिपका कुठं उभा आहे, कोणापासून किती लांब आहे, उठताना किती वेळ घेतो, यावरून तू सांगायचास. "तो बघ, छोट्यांच्यात मिसळलेला, तो मोठा नाय. मोठा शेजार ठेवत नाय." "हा घाईनं पंख मारतोय, हा नाय." त्याचा आवाज तर तू आधी पकडायचास. छोट्यांच्या चिरचिरीतून कावळ्याला घसा बसल्यासारखा तो खर्जातला आवाज आला की तू बोट करायचास, आणि मी दुर्बीण फिरवली की तो तिथं असायचा. बरेचदा असायचा. नेहमी नाही, हे तू कधी कबूल केलं नाहीस.

या वर्षी दिवाळीनंतर उघाडीच्या पलीकडच्या उंचवट्यावर तो एकटा येऊन बसला आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं.

"आला बघ मोठा," तू म्हणालास.

मी बघितलं. मोठा होता, यात वाद नाही. पण पाठ गडद, पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर दिसते तशी. चोच पिवळी, पण काळा पट्टा नाही, खालच्या बाजूला एक लाल ठिपका तेवढा, कुंकवाचं बोट लागल्यासारखा. डोक्यावर बारीक तपकिरी रेघा. डोळ्याला कोर नाही.

"हा तो नाय दादा. हा काळ्या पाठीचा. दुसरी जात."

"उजेड तुझ्या समोरून येतोय. पाठ काळीच दिसणार."

"चोचीला पट्टा नाय."

"येईल."

"कोर नाय डोळ्याला!"

"कुंदे, तू डोळे बघतेस, मी माणूस बघतो," तू म्हणालास, पक्ष्याला माणूस म्हणालास. "एकटा बसतो. वाऱ्याकडे तोंड. मासळीची होडी येते तेव्हा बाकीचे सगळे तिच्यामागं भीक मागत जातात, हा जागचा हलत नाय. काळ्या पाठीचे कळपानं होडीमागं जातात, तूच वाचून दाखवलंस. हा मोठाच. माघ सरला की डोकं काळं होतं की नाय बघ."

"आणि नाय झालं तर?"

"तर मी बांधावर उभा राहून म्हणेन, कुंदा शहाणी."

हे भांडण चालू असतानाच तू मला सोबतीला घेऊन डॉक्टरकडे गेलास. छातीत भरून येतं म्हणालास, घरी सांगितलं नाहीस, पेणला माझ्याकडे येतो म्हणून निघालास. डॉक्टरांनी मशीनवर बघितलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं की ऑपरेशन लवकर करायला हवं, नाहीतर कधी काय होईल सांगता येत नाही, चढउतार टाळा. तू मान डोलावलीस. मला वाटलं ऐकलंस. बाहेर रामवाडीच्या नाक्यावर चहा घेताना म्हणालास, "घरी बोलायचं नाय."

"का? वहिनीला तरी सांग."

"तिला सांगितलं तर ती मला खाटेला बांधून ठेवेल."

"मग बांधू दे! ऑपरेशन कर आणि मंग फिर कुठं फिरायचं ते."

"ह्या साखरेत मला कापतील आणि मी महिनोन्‌महिने छताकडे बघत पडेन. छत तरी दिसतंय काय मला? नाय गो. मी घरात बसून मरणार नाय."

मी ओरडले तुझ्यावर. चहावाला बघायला लागला. मी तुला म्हणाले, तू भित्रा आहेस, सुरीला भितोस आणि वर हट्टाचं सोंग आणतोस. तू हसलास. "असेन भित्रा. पण शपथ घे, बोलणार नाय." मी शपथ घेतली नाही. फक्त म्हणाले, तू सांगेपर्यंत मी सांगणार नाही. दादा, मला आजही वाटतं तू भीतच होतास. ऑपरेशन झालं असतं, आणखी चार थंड्या मिळाल्या असत्या. आपण भांडलो असतो. हे मी तुला तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, आताही सांगते. तुझा निर्णय होता म्हणून मी मान दिला. पटला म्हणून नाही.

तरी त्यानंतर मी तुला बांधावर नेत राहिले. हेच लोकांना कळणार नाही. ज्याला घरात बसायचं नाही त्याच्याबरोबर चालायला कोणीतरी लागतं, तेवढंच मी केलं. मी नेलं नसतं तर तू एकटा गेला असतास, आणि चिखलात एकटा पडला असतास.

संक्रांत होऊन गेली होती. तुझ्या डब्यात वहिनीनं तिळाचे लाडू दिले होते. सकाळचा वारा बोचरा होता, म्हणून मी तुझ्या कानाला मफलर गुंडाळला आणि तू तो सोडलास, कारण कान झाकले तर ऐकू काय येणार? आपण उघाडीजवळ बसलो. तो होता, त्याच्या जागेवर. होडी आली, छोटे कुरव आरडत तिच्यामागं गेले.

"हलला काय?" तू विचारलंस.

"नाय."

"बघ."

"नाय हलला म्हणजे मोठा होत नाय. पोट भरलेलं असेल."

तू हसायला लागलास आणि हसता हसता छातीवर हात दाबलास. "पाणी दे गो," म्हणालास. मी पिशवीकडे वळले, बाटली काढली, झाकण उघडलं. एवढंच. परत बघितलं तेव्हा तू बांधाच्या उताराला टेकलेला होतास, मान खाडीकडे. मी हाक मारली. गालावर पाणी शिंपडलं. छाती दाबली, जशी येते तशी दाबली. होडीवरच्या दोघांना ओरडून बोलावलं. त्यांनी तुला होडीतल्या फळीवर घेतलं आणि बांधावरून रस्त्यापर्यंत आणलं, मी तुझी एक चप्पल हातात घेऊन मागून. निशांतला फोन केला. दवाखान्यात त्यांनी जे सांगितलं ते मला बांधावरच कळलं होतं.

दहाव्याला सगळ्यांसमोर वहिनी बोलली. इतके दिवस गप्प होती, आणि मी आत पाऊल टाकलं तशी म्हणाली, "हिनं जिता नेला आणि मेलेला आणला."

निशांत माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी सांगेन म्हणून. माझ्या जिभेवर होतं. डॉक्टर, मशीन, रामवाडीचा चहा, सगळं. एका वाक्यात मी सुटले असते. पण मग वहिनीला कळलं असतं की तू तिच्यापासून लपवलंस, आणि ते तुझ्या दहाव्याला, लोकांच्या देखत. मी तोंड मिटलं. तुझ्यासाठी नाही मिटलं दादा, तिच्यासाठी मिटलं. निघताना खुंटीवरची दुर्बीण मात्र काढून गळ्यात घातली. निशांत म्हणाला, "आत्या, ती नको आता." मी म्हणाले, "मला पाहिजे. मला अजून दिसतंय."

माघी गणपतीचं काम अंगावर होतं. सुतकातून उठल्या दिवशीच मी ब्रश हातात घेतला. शेजारणी म्हणाल्या, एवढ्यात डोळे आखू नको, भाऊ गेलाय, हात कापेल, मन थाऱ्यावर नसेल. हात कापला नाही. एकाही मूर्तीची नजर तिरकी गेली नाही. कोणाला वाटलं असेल, बाईला काही वाटत नाही. वाटू दे.

आणि मी बांधावर गेले. रविवारी, एकटी. गावातली माणसं वळून बघायची, तिथंच भाऊ गेला ना हिचा? तिथंच गेला, म्हणून काय खाडी सोडू?

माघ सरला दादा. फाल्गुन लागला. पलीकडच्या काठाला एक खरा मोठा आला होता, डोकं काळंभोर, डोळ्याला दोन कोरी, माझ्या ब्रशनं काढल्यासारख्या. आणि तुझा तो, उघाडीजवळचा, तिथंच बसलेला. डोकं काळं झालं नव्हतं. उलट होत्या त्या बारीक रेघाही गळून गेल्या होत्या आणि ते धुतल्यासारखं पांढरं झालं होतं. पाठ गडद. चोचीवर लाल ठिपका, पट्टा नाही. तो काळ्या पाठीचाच होता. एकटा बसणारा, होडीमागं न जाणारा, पण काळ्या पाठीचा. सगळ्या जातीत एखादा असतोच तसा, एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

तू हरलास. मी बांधावर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, कुंदा शहाणी. पण तुला हरवलं याचा आनंद कोणाबरोबर करू? तू कबूल करणार होतास ते वाक्य आता माझं मलाच म्हणावं लागतंय, आणि ते माझ्या तोंडी अजिबात शोभत नाही. आतापर्यंत ओळखीच्या कोणाच्या देखत रडले नव्हते, त्या पक्ष्याच्या देखत रडले. त्यालाही काही फरक पडला नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी कारखान्यात बसले होते, तर दारात वहिनी. एकटी. रोह्याहून एकटी आली होती. वर्ष व्हायच्या आत तिनं उंबरा ओलांडू नये म्हणून तिच्या माहेरचे बजावून गेलेत, ते मला माहीत होतं. मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. माझ्यासमोरच्या मूर्तीकडे बघत राहिली. एक डोळा झाला होता, एक राहिला होता.

"पुरा कर तो," म्हणाली.

मी पुरा केला. ब्रश पाण्यात टाकला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच्या छातीचं. इतकी वर्षं शेजारी झोपली मी त्याच्या. रात्री दम लागायचा, उठून बसायचा, मी डोळे मिटून पडून राहायची. पेणला जातो म्हणाला त्या दिवशी चेहरा बघितला मी त्याचा. तुला घेऊन दाखवायला गेला असणार, एवढं कळत नाय मला?"

"मग बोललीस का नाय?"

"बोलली असती तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. तसा पण लपवतच होता. मी रविवारी डबा भरून दिला की खूष होऊन जायचा. म्हटलं, जाऊ दे."

"आणि दहाव्याला मला बोललीस ते?"

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "कोणावर तरी ओरडायचं होतं गो. निशांतवर ओरडून काय करू, तो आधीच मोडलाय. तू उभी होतीस. तू मोडणार नाय, माहीत होतं." मग म्हणाली, "तू सांगितलं का नाय तेव्हा? सगळ्यांसमोर?"

"तुला लागलं असतं म्हणून."

तेव्हा ती स्टुलावर बसली. मग तिनं विचारलं, "सुकती कधी हाय?"

"आता लागेल. का?"

"चल."

"वहिनी, लोक बोलतील. तुझ्या माहेरचे..."

"बोलू देत. चल."

आम्ही रिक्षा केली. बांधावर तिनं चपला हातात घेतल्या आणि माझ्या पुढं चालायला लागली, रस्ता माहीत असल्यासारखी. उघाडीजवळ मी तिला जागा दाखवली. ती बसली नाही, तिथं उभी राहिली, उताराकडे बघत. मी दुर्बीण पुढं केली, तिनं घेतली नाही. दोन्ही जातीचे तिथं होते, एक या काठाला, एक त्या काठाला. मी सांगायला लागले, हा काळ्या पाठीचा, तो मोठा, दादा म्हणायचा की...

तिनं हातानं मला थांबवलं. आणि खाडीकडे तोंड करून, तुला घरात हाक मारायची तशा आवाजात ओरडली, "एवढी वर्षं डबा भरून दिला! एकदा तरी म्हणालास काय, चल म्हणून? एकदा तरी विचारलंस काय?"

छोटे कुरव भर्रकन उठले. ती थांबली नाही. "मी आली असती! चिखलात पण आली असती!"

दादा, आजवर तुझ्या वतीनं मी सगळ्यांशी भांडले. तुझ्या मुलाशी, त्या बायकांशी, शेजारणींशी. तुझं गुपित सांभाळलं, तुझी बाजू घेतली, आणि कोणापुढं मान खाली घातली नाही. पण वहिनी उत्तराची वाट बघत उभी होती आणि तुझ्याकडून देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. तू तिला विचारायला हवं होतंस.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि मग मीही तुझ्यावर ओरडले.